बाईंची बदली

आमच्या चाळीच्या गणपतीत २०२५ साली पाककृती स्पर्धेला फाटा मिळाला आणि तिच्या जागी अभिरूप न्यायालय, म्हणजे खोटंखोटं कोर्ट, आलं, याचं पाप माझ्या माथी आहे. मी वकील नाही. फोर्टातल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये २७ वर्षं स्टेनो आहे. वकील बोलतात, मी उतरवून घेते. पण गिरगावातल्या आमच्या चाळीत मला 'कोर्टातली ताई' म्हणूनच ओळखतात. जूनच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "दरवर्षी त्याच तिघी बक्षीस नेतात, ताई, तू काहीतरी कोर्टाचं बसव," आणि मी हो म्हणून मोकळी झाले.

विषय म्हणून आधी 'मोबाईल : शाप की वरदान' आला, तो मी हाणून पाडला. मग 'सासू विरुद्ध सून' आला, त्यावर दोन्ही पक्षांनी हरकत घेतली. आठवड्याने एका संध्याकाळी चाळीतली पाच पोरं वहीचं फाडलेलं पान घेऊन माझ्या दारात उभी. पुढारी नववीतली एक मुलगी. तिचं नाव लिहायचं नाही असं तिच्या आईने बजावलंय, म्हणून नववीतलीच म्हणते.

"मावशी, आम्हाला केस टाकायचीये."

"कोणावर?"

"मंडळावर."

केस अशी. चाळीच्या मधल्या चौकात तीन वर्षांपूर्वी पत्र्याची शेड उभी राहिली. 'सौजन्य' म्हणून वॉर्डातल्या माजी नगरसेवकांचं नाव तिच्यावर रंगवलेलं आहे. २०२५ च्या त्या दिवसांत मुंबईत सगळेच नगरसेवक माजी. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली ती संपलीच. पण ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत उरका असं सांगितलं, तेव्हापासून हे माजी लोक आजी असताना नव्हते इतके उदार झाले होते. असो. शेडमध्ये मखराचे सांगाडे, ढोल, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळती आणि एक स्कूटर. स्कूटर कोणाची ते सगळ्यांना माहीत आहे. पोरांच्या क्रिकेटला उरली एक बोळ.

मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी पान वाचलं आणि मोठ्याने हसले. "घ्या की! मंडळ काय घाबरतं काय? लोकशाही आहे." मग पान घडी करून खिशात ठेवताना म्हणाले, "जज मी आणतो. माझे साडू पोलीस खात्यातून रिटायर झालेत. कडक माणूस."

"भाऊ, केस तुमच्यावर, आणि जज तुमचे साडू?"

"मग सरकार नाही नेमत जज? सगळ्यात जास्त केसेस तर सरकारवरच असतात, तूच सांगतेस."

इतकी वर्षं रोज हायकोर्टाच्या जिन्यांवरून फायली घेऊन धावले, पण मला तेव्हा पटकन उत्तर सुचलं नाही. कारण भाऊ म्हणाले ते कागदावर खरंच आहे. घटनेच्या कलम १२४ आणि २१७ प्रमाणे न्यायाधीश नेमतात राष्ट्रपती, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. सरन्यायाधीशांचं मत घ्यायचं, एवढंच तिथे लिहिलंय. १९८१ च्या निकालाने त्या मताला फारसं वजन दिलं नाही. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने पारडं फिरवलं आणि कॉलेजियम, म्हणजे जजनीच जज निवडायची समिती, जन्माला आलं. १९९८ पासून त्यात सरन्यायाधीश आणि त्यांच्याखालचे चार ज्येष्ठ न्यायाधीश बसतात. संसदेने ते मोडून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला, तीन न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर अशा सहा जणांचा. तो न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. म्हणजे जज कोण नेमणार, हा खटलाही जजनीच निकाली काढला. हे सगळं भाऊंना गॅलरीत उभ्या उभ्या सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तुमच्यावरची केस तुम्हीच चालवलीत. मग माझे साडू काय वाईट?"

शेवटी तडजोड झाली. तीन जणांनी नाव काढायचं : मी, तळमजल्यावरचे टेलिफोन खात्यातले निवृत्त काका आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनी. आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो. चहा उकळेपर्यंत नाव ठरलं. बाई! दुसऱ्या मजल्यावरच्या, म्युनिसिपल शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, वय ७८, एका कानाने थोडं कमी ऐकतात आणि ज्यांनी निम्म्या चाळीला शिकवलंय. दुसरं नाव आमच्या डोक्यातही आलं नाही.

भाऊंनी बरोब्बर तिथेच बोट ठेवलं. "तुम्ही तिघं रोज एकत्र चहा पिता, आणि चहा पितापिता आपल्यातलीच एक निवडलीत. का निवडली ते लिहिलंय कुठे?" मला राग आला, पण हेच कॉलेजियमबद्दल वर्षानुवर्षं बोललं जातं. २०१५ च्या त्या निकालात वेगळं मत देणारे न्यायमूर्ती चेलमेश्वर यांची तक्रारही बंद दाराआडच्या कारभाराबद्दलच होती. कॉलेजियमचे ठराव संकेतस्थळावर टाकायला सुरुवात झाली ती थेट ऑक्टोबर २०१७ मध्ये. मग आम्हीही जिन्याखालच्या फळ्यावर खडूने कारणं लिहिली. 'मंडळाच्या कोणत्याही पदावर नाहीत. वाहन नाही. नातवंडं बंगळुरूला, म्हणजे क्रिकेटशी संबंध नाही.' शेवटचं कारण वहिनींचं.

भाऊंनी दुसऱ्या दिवशी खाली ओळ वाढवली : 'सातवीत मला गणितात नापास केलं आहे. पक्षपाताची शक्यता.'

बाई काठी टेकत खाली आल्या, फळा वाचला आणि वर बघून हाक मारली, "अरे, मी नाही नापास केलं. तू झालास."

हसण्यावारी गेलं खरं, पण 'पक्षपात' हा शब्द वाचून मला २०१७ चा गणपती आठवला आणि जरा शरम वाटली. तेव्हा चतुर्थी २५ ऑगस्टला होती. शांतता क्षेत्रातल्या लाऊडस्पीकरची सुनावणी न्यायमूर्ती अभय ओक यांच्यापुढे चालू होती. चतुर्थीच्या आदल्या दिवशी राज्य सरकारने थेट त्यांच्यावरच पक्षपाताचा आरोप केला आणि खटला दुसऱ्या खंडपीठाकडे द्या म्हणून मागणी केली. मुख्य न्यायमूर्तींनी तो काढून दिलाही. वकील मंडळी खवळली, दोन-तीन दिवसांत चक्र उलटं फिरलं, खटला ओकांच्याच नेतृत्वाखालच्या तीन जणांच्या पीठाकडे गेला आणि सरकारने माफी मागितली. त्या तीन दिवसांत आमच्या फर्ममध्ये चहाच्या टपरीपासून सीनियरच्या केबिनपर्यंत दुसरा विषय नव्हता.

आणि आमच्या चाळीत? स्पीकरवर गदा येणार म्हणून सगळे ओकांवर चिडलेले. सरकारने जजला पक्षपाती म्हटलं ही बातमी मंडपात वाचून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दिवसा ऑफिसात 'न्यायसंस्थेवर हल्ला' असं टाईप करत होते आणि रात्री मंडपात टाळ्या. ओक पुढे कर्नाटकचे मुख्य न्यायमूर्ती झाले, सर्वोच्च न्यायालयात गेले, मे २०२५ मध्ये निवृत्तही झाले. मी ती टाळी अजून कुणाला सांगितली नव्हती.

जुलैच्या शेवटी तर गॅलरीत रोज कोर्ट भरू लागलं. मुंबई उच्च न्यायालयासाठी कॉलेजियमने शिफारस केलेल्या नावांत एका राजकीय पक्षाच्या माजी प्रवक्त्यांचं नाव होतं. विरोधकांनी आरडाओरड केली, पक्षाकडून उत्तर आलं की पद त्यांनी आधीच सोडलंय. टेलिफोनवाले काका म्हणाले, "पक्षाचा माणूस तो पक्षाचाच." मी त्यांना दोन नावं सांगितली, जी आमच्या सीनियरने मला कधीतरी डिक्टेशनच्या मध्येच ऐकवली होती. एक के. एस. हेगडे : काँग्रेसचे राज्यसभा खासदार होते, मग न्यायाधीश झाले, आणि १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात काँग्रेस सरकारला नको असलेला निकाल देणाऱ्या सात जणांत बसले. दुसरे बहरुल इस्लाम : तेही काँग्रेसचे खासदार, मग गुवाहाटीला न्यायाधीश, तिथून निवृत्त झाल्यावर १९८० साली सर्वोच्च न्यायालयात, आणि १९८३ साली तिथून राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसच्या राजकारणात. "म्हणजे आधी कुठे होता यावरून कळत नाही," काका म्हणाले. "मग कशावरून कळतं?" मला माहीत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "नंतर कुठे जातो त्यावरून," आणि आमटी लागेल म्हणून आत गेल्या.

१४ ऑगस्टला मी पोरांना हायकोर्ट दाखवायला नेलं. आमच्या वकीलसाहेबांनी पासांची सोय केली. १८६२ साली याच तारखेला हे न्यायालय सुरू झालं. आत्ताची काळ्या दगडाची इमारत १८७८ ची. पोरांना इतिहासात रस नव्हता, त्यांना माकड बघायचं होतं. तिथल्या एका खांबावर खरंच माकड कोरलेलं आहे, हातात तराजू, एका डोळ्यावर पट्टी. दुसरीकडे वकिलाचे बँड लावलेला कोल्हा. बांधकामावरचा एक पारशी कंत्राटदार खटला हरला आणि त्याने असा सूड उगवला, अशी आख्यायिका सांगतात. पाचातला सगळ्यात धाकटा मान वर करून किती तरी वेळ बघत होता.

"एकाच डोळ्यावर पट्टी का?"

"दुसऱ्याने कोण आलंय ते बघतो," नववीतली म्हणाली.

मग सेंट्रल कोर्टाच्या बाहेर लोकमान्यांची पाटी. २२ जुलै १९०८ ला आत शिक्षा सुनावली गेली, सहा वर्षं काळं पाणी. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही. ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, असं टिळक तिथे म्हणाले ते शब्द संगमरवरावर आहेत. ही पाटी १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी लावून घेतली. मी पोरांना सांगितलं की शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्याच बाजूने जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते.

"तेच?"

"तेच. १९०८ ला त्यांनीच जामीन नाकारला."

"मग ते कधी खरं बोलत होते?"

चोपदाराने 'शू' केलं, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. एका कोर्टात मागच्या बाकावर बसून आम्ही पाऊण तास बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, चाललेला पाहिला. दहापैकी सात मॅटरना तारीख पडली. पोरांनी दोन शब्द उचलले : 'पास ओव्हर', म्हणजे आत्ता नको, थोड्या वेळाने याच बोर्डावर परत घ्या, आणि 'मेन्शन करणे', म्हणजे उभं राहून आपली केस आधी घ्या असं जजना सांगणे. परतीच्या बसमध्ये सगळं मेन्शन करून चाललं होतं, खिडकीची जागासुद्धा.

तालमी माझ्या खोलीत, रात्री जेवणं झाल्यावर. जजचं ऐकायचं म्हणजे काय ते कळावं म्हणून मी एकदा त्यांना १९७६ चा हेबियस कॉर्पसचा खटला सांगितला. आणीबाणी, हजारो लोक तुरुंगात, आणि प्रश्न एवढाच की मला बेकायदा डांबलंय असं म्हणून कोर्टाकडे जाता येईल की नाही. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी 'येईल' असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती खन्नांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, उद्या एखाद्या पोलिसाने वैरापोटी माणूस मारला तर? डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर दाद नाही. पाच न्यायाधीश बसले होते. पोरं गप्प झाली. "मग चौघं म्हणाले सरकारचं बरोबर. एकटे खन्ना नाही म्हणाले. निकालाआधी बहिणीला सांगून ठेवलं होतं की याने माझं सरन्यायाधीशपद जाणार. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून धाकट्याला केलं, त्यांनी राजीनामा दिला." त्या चौघांत आपल्या मुंबई हायकोर्टातून गेलेले यशवंत चंद्रचूडही होते, आणि तो निकाल २०१७ साली पुसला गेला तेव्हा पुसणारी लेखणी त्यांच्या मुलाची होती, हेही सांगितलं. पण पोरांचं लक्ष डावलण्यावरच अडकलं.

"हे आधीपण झालं होतं?"

झालं होतं. केशवानंद भारतीचा निकाल २४ एप्रिल १९७३ ला लागला, सात विरुद्ध सहा. दुसऱ्याच दिवशी शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना ओलांडून रे यांचं नाव सरन्यायाधीश म्हणून जाहीर झालं. तिघांनी राजीनामे दिले.

"दुसऱ्याच दिवशी? दोन दिवस तरी थांबायचं ना," नववीतली म्हणाली. तिला डावलण्यापेक्षा घाईचा जास्त राग आला होता.

आता माझी गोष्ट, जी लिहायची नव्हती. तालमी रंगात आल्या तसं मला वाटायला लागलं की पोरं जिंकलीच पाहिजेत. एका सकाळी बाईंना दूध द्यायला गेले तेव्हा सहज म्हणाले, "बाई, पोरांनी फार मेहनत घेतलीय हो. जरा बघा." बाई दुधाचं पातेलं झाकत होत्या. झाकण ठेवलं, काही बोलल्या नाहीत. मी दारापर्यंत पोचल्यावर म्हणाल्या, "काल भाऊ आला होता. तोही हेच म्हणाला. मंडळाने फार मेहनत घेतलीय, जरा बघा. तुम्ही दोघांनी शब्द वाटून घेतलेत का?"

मी जिना उतरले तेव्हा कान गरम झाले होते.

गणपती २७ ऑगस्टला बसले. न्यायालय बुधवारी, ३ सप्टेंबरला ठरलं होतं. सोमवारी, गौरी पूजनाच्या दिवशी, आझाद मैदानातल्या आंदोलनाने फोर्ट पूर्ण जाम होता. मी ऑफिसातून चालत गिरगावला आले तर मंडपात माईक चालू आणि व्यासपीठावर बाई. अंगावर मंडळाची शाल, हातात श्रीफळ, शेजारी माजी नगरसेवक. ज्येष्ठ शिक्षिका म्हणून सत्कार. कार्यक्रमपत्रिकेत नव्हता, बाईंना आरतीला म्हणून खाली बोलावलं आणि वर चढवलं. माजी नगरसेवकांनी जाहीर केलं की चाळीत वाचनालय काढायचंय आणि अध्यक्षपदी बाईच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यात वाईट काय? वाचनालय हवंच आहे, बाईंहून लायक कोण? मला यात काय खुपतंय ते मलाच नीट सांगता येईना.

रात्री काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की छागलांनी टिळकांची पाटी लावली १९५६ ला आणि १९५८ ला सरकारने त्यांना अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवलं. त्याच वर्षी विधी आयोगाच्या चौदाव्या अहवालाने निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी पद घेऊ नये असं सुचवलं होतं. अलीकडचं तर सर्वांना माहीत आहे : सरन्यायाधीश रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ ला निवृत्त, मार्च २०२० ला राज्यसभेत. आणि उलट बाजूला आपले अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश गवई, ज्यांनी जूनमध्येच लंडनला सांगितलं की आपण सरकारी पद घेणार नाही. "छागलांनी काय सरकारच्या बाजूने निकाल दिले होते का?" मी विचारलं. "छे. पण विचारावं लागतंय ना तुला," काका म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी फळ्यावर नवीन वेळापत्रक लागलं. बुधवार, सायं. ७ : अभिरूप न्यायालय (चौक). बुधवार, सायं. ७ : रांगोळी स्पर्धा (मागची गॅलरी), परीक्षक : बाई. म्हणजे बाईंना काढलं नव्हतं. उलट मान वाढवला होता. न्यायालयापुढे परीक्षकाचं नाव कोरं, आणि ते साडूंसाठी आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता. विचारलं तर भाऊ म्हणाले, "अगं, वेळेची अडचण. बाईंना बसवत नाही दोन तास. रांगोळी कशी, चालत चालत होते."

१९७६ साली उच्च न्यायालयांच्या १६ न्यायाधीशांच्या अशाच बदल्या झाल्या होत्या. कुणालाही शिक्षा म्हणून नव्हे, जनहितार्थ. गुजरातचे न्यायमूर्ती सांकळचंद शेठ यांना आंध्रला पाठवलं, ते आधी तिथे हजर झाले आणि मग बदलीलाच आव्हान दिलं. मी धावत बाईंकडे गेले की आपण फळा पुसून टाकू. बाई टीव्ही बघत होत्या. "रांगोळी बघायला किती वेळ लागतो?" एवढंच विचारलं.

बुधवारी सात वाजता साडू खुर्चीत येऊन बसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, समोर पाण्याचा ग्लास. खरं सांगायचं तर माणूस सभ्य होता, त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. चौकात दोनशे-अडीचशे माणूस. वरच्या तिन्ही गॅलऱ्या भरलेल्या. पुकारा झाला : "चाळीतील मुले विरुद्ध मंडळ!" मंडळाचा वकील, इंजिनीअरिंगचा मुलगा, उभा राहिला. नववीतली उभी राहिली, माझी काळी ओढणी तिने गाऊनसारखी घेतलेली, आणि म्हणाली, "माय लॉर्ड, पास ओव्हर."

साडू गोंधळले. "म्हणजे?"

"आत्ता नको, थोड्या वेळाने घ्या. आमचा एक कागद यायचाय."

मंडळाच्या वकिलाने हरकत घेतली. साडूंनी घड्याळ बघितलं, भाऊंकडे बघितलं, पुन्हा मुलीकडे बघितलं. "वीस मिनिटं दिली," म्हणाले. भाऊंचा चेहरा मला खांबाआडून दिसत होता. लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून माईकवर कोणीतरी गवळण लावली.

सात वाजून सतरा मिनिटांनी मागच्या गॅलरीतून काठीचा आवाज आला. अकरा रांगोळ्या बघून, क्रमांक चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी वहिनींच्या हातात देऊन बाई आल्या. साडू उठून उभे राहिले. "बाई, तुम्ही? मला वाटलं तुम्हाला बरं नाहीये." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मला काय धाड भरलीय?" त्यांनी स्वतःहून खुर्ची सोडली आणि बाजूला पाण्याचा ग्लास घेऊन बसले. भाऊ काही बोलले नाहीत. अडीचशे माणसांसमोर काय बोलणार?

सुनावणी पन्नास मिनिटं चालली. पोरांनी चौकाचं माप टेपने घेऊन आणलं होतं. मंडळाच्या वकिलाने शेडचे फायदे सांगितले, पावसात मखर भिजतं वगैरे, आणि ते खोटं नव्हतं. बाईंनी मंडळाची इतिवृत्ताची वही मागितली. ती आणायला दहा मिनिटं गेली. २०२२ ची पानं त्यांनी चष्मा वर-खाली करत एकेक उलटली. शेडचा ठराव नव्हता. चौकात कुजबुज सुरू झाली. मी मनात निकाल टाईपसुद्धा करून ठेवला.

बाईंनी पाठकोऱ्या कागदावर लिहिलेलं वाचलं. ठराव नसताना शेड बांधणं चूक. पण शेड हटवा असं मी सांगू शकत नाही, कारण चौक ज्या भाडेकरू समितीच्या ताब्यात आहे तिला मुलांनी केसमध्ये आणलंच नाही. जिचं ऐकलं नाही तिच्या जागेवर निकाल कसा देऊ? मंडळाने विसर्जनानंतरच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा, तोवर शेड राहील. स्कूटर ही गणपतीची वस्तू नाही, ती हलवावी. आणि गेल्या वर्षी मुलांनी तळमजल्याच्या दोन काचा फोडल्या, त्यांचे पैसे अजून दिलेले नाहीत, ते द्यावेत.

"काचांचं तर कुणी मागितलंच नव्हतं!" धाकटा ओरडला.

भाऊ टाळ्या वाजवत होते. पोरं माझ्याकडे बघत होती आणि मला बाईंचा इतका राग आला होता की खुर्च्या आवरायलाही मी थांबणार नव्हते. समितीला पक्षकार करायचं असतं हे मला माहीत होतं की. २७ वर्षं टाईप करतेय. सुचलं नाही.

रात्री साडेदहाला बाईंनी हाक मारली. दारातच प्लास्टिकची पिशवी हातात दिली. आत शाल, घडी न मोडलेली.

"ही भाऊला परत दे. वाचनालयाला मी पुस्तकं लावून देईन, अध्यक्षबिध्यक्ष नको म्हणावं."

"मग सोमवारीच का नाही दिलीत?"

"निकालाच्या आधी दिली असती तर त्याला वाटलं असतं, बाई आपल्यावर रागावल्यात."

भाऊ मंडपात दिवे बंद करत होते. पिशवी उघडून बघितली, पुन्हा बंद केली. "आता ही कोणाला देऊ?" म्हणाले. मी म्हटलं, रांगोळीत पहिला नंबर आलेल्या वहिनींना द्या, नाहीतर शेडमध्ये ठेवते, किल्ली द्या.

"शेडमध्ये जागा नाही. स्कूटर काढल्यावर होईल."

"कधी काढताय?"

"विसर्जन होऊ दे. रविवारी काढतो."

मागे खुर्च्या रचत असलेल्या नववीतलीने हातातली खुर्ची खाली ठेवली, वही काढली आणि लिहून घेतलं : रविवार, ७ सप्टेंबर.